शासन निर्णयातला शेतकरी

मार्च २०२३ मध्ये नाशिक जिल्ह्यातून निघालेला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा कसारा घाट उतरून शहापूर तालुक्यात आला आणि वाशिंदच्या मैदानावर थांबला. मागण्यांत कांद्याचा भाव होता, वीजबिल होते. पण मोर्चात मोठ्या संख्येने आलेल्या आदिवासींसाठी खरा मुद्दा कसत असलेली वनजमीन नावावर होण्याचा होता. मंत्र्यांशी बोलणी झाली, मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत निवेदन केले, तरी माणसे उठली नाहीत. सभागृहात बोललेले शब्द आदेश होऊन खालच्या कचेऱ्यांपर्यंत पोचल्याची खात्री पटेपर्यंत जागा सोडायची नाही, असे त्यांनी ठरवले होते. त्या मुक्कामातच एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. १८ मार्चला मोर्चा स्थगित झाला. पाच वर्षांपूर्वी, मार्च २०१८ मध्ये, असाच मोर्चा याच रस्त्याने मुंबईच्या आझाद मैदानावर गेला होता आणि लेखी आश्वासन घेऊन परतला होता. आश्वासनाचा कागद आणि आदेशाचा कागद यांतला फरक त्या पाच वर्षांत लोक शिकले होते.

वाशिंदला उन्हात बसलेल्या त्या माणसांत अनेकांना वाचता येत नसेल. तरी कागदाच्या भाषेची त्यांची पारख आपल्या समीक्षकांपेक्षा बरी होती, असे मला वाटते. मराठीत कवितेची समीक्षा होते, कादंबरीची होते, आत्मचरित्रांवर चर्चासत्रे भरतात. ज्या गद्याच्या एका शब्दावर एखाद्याच्या खात्यात पैसे येणे किंवा न येणे ठरते, त्या शासन निर्णयाच्या गद्याकडे साहित्यप्रकार म्हणून कोणी पाहत नाही. शेतकऱ्यांसाठीच्या योजनांवर आपण बोलतो ते रकमेबद्दल आणि गळतीबद्दल. शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांत या योजनांचे मजकूर जमिनीवर कसे उतरतात हे पाहताना मला पुन्हा पुन्हा वाटले, की बरीचशी गळती आधी वाक्यात झालेली असते, कचेरीत ती फक्त अमलात येते.

शासन निर्णयाची घडण ठरलेली आहे. आधी ‘वाचा’ म्हणून जुन्या निर्णयांची यादी, मग ‘प्रस्तावना’, मग मूळ ‘शासन निर्णय’, शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने सही आणि लांबलचक संकेतांक. प्रस्तावनेत शेतकरी भावनेसह येतो: निसर्गाचा लहरीपणा, उत्पादन खर्च, कर्जबाजारीपणा. निर्णयाच्या भागात शिरताच त्याचे नाव बदलते. तिथे तो ‘पात्र लाभार्थी’ असतो, किंवा ‘खातेदार’. वाक्ये कर्मणी होतात: देण्यात येईल, वगळण्यात यावे, करण्यात येत आहे. देणारा दिसत नाही, त्यामुळे न देणाराही दिसत नाही. लोकांनी या वाक्यरचनेला आपल्या परीने उत्तर शोधले आहे. ‘हप्ता पडला का?’ असे ते विचारतात. पाऊस पडतो तसा हप्ता पडतो. का पडला, का नाही, हे विचारायला समोर कोणी नसते.

योजनांची नावे वेगळ्या दिशेने गेली आहेत. इंग्रजी अमदानीत शब्द होता तगाई. जमीन सुधारण्यासाठीच्या कर्जाचा कायदा १८८३ चा, शेतकऱ्यांच्या कर्जाचा १८८४ चा. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेही वर्ष १८८३ आणि सरकारी कामगारांच्या लेखणीखाली शेतकरी कसा नागवला जातो हा त्यातला मोठा विषय आहे. तगाई हा कोरडा शब्द होता, घ्यायची, फेडायची. पुढे कर्ज, अनुदान, मदत असे शब्द आले. २०१७ च्या कर्जमाफीच्या नावात ‘सन्मान’ आला. केंद्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू केलेली योजना ‘किसान सन्मान निधी’ झाली आणि राज्याने २०२३ मध्ये तिला जोड दिली तेव्हा तो ‘महासन्मान’ झाला. केंद्राचे वर्षाला ६,००० आणि राज्याचे ६,००० रुपये. दोन्ही मिळून महिन्याला १,००० पडतात. रक्कम लहान म्हणून मी हसत नाही. मुरबाडच्या एखाद्या पाड्यावर जूनच्या तोंडाशी २,००० रुपयांचे मोल काय असते, ते खताच्या दुकानात उभे राहिले की कळते. माझा प्रश्न सन्मान कोणाचा, हा आहे.

मजकूर सांगतो: जमीनधारक शेतकरी कुटुंबाचा. सुरुवातीला दोन हेक्टरपर्यंतची मर्यादा होती, ती २०१९ मध्येच काढली गेली. वगळण्याची यादी नीट केलेली आहे. आयकर भरणारे, डॉक्टर-वकील, १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे. पण जो जमीन कसतो आणि जिच्यावर त्याचे नाव नाही, तो या वगळण्याच्या यादीतही नाही. वगळायचे तर आधी दखल घ्यावी लागते.

अशा माणसाला शहापूर-मुरबाडमध्ये शोधावे लागत नाही. जमिनीचा मालक कल्याणला किंवा ठाण्याला नोकरीत आहे, खाचरे भावकीतला कोणी अर्ध्या वाट्याने लावतो. कोणी ठाकूर किंवा कातकरी कुटुंब दुसऱ्याच्या माळावर नाचणी-वरी करते आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते. शेतघरासाठी मुंबईकराने घेतलेल्या जमिनीची राखण करणारा तिच्या एका कोपऱ्यात भात लावतो. या सगळ्यांत कागदावरचा शेतकरी एक आणि चिखलातला दुसरा.

हे असे का झाले, याचे उत्तर एका चांगल्या कायद्यात आहे. १९४८ चा कूळ कायदा आणि त्याची पुढची दुरुस्ती यांनी १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ मालक मानले गेले. ठाणे जिल्ह्यात सावकार-जमीनदारांच्या हाती जमीन किती एकवटली होती, ते गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मुळे मराठी वाचकाला माहीत आहे. जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या वारल्यांची ती हकीकत; पण किसान सभेची जानेवारी १९४५ ची परिषद भरली टिटवाळ्याला, म्हणजे शहापूर-मुरबाडच्या उंबरठ्यावर. कायद्याने पुष्कळांना जमीन दिली. आजही अनेक सातबाऱ्यांवर इतर हक्कांत ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ अशी नोंद दिसते, ती त्याची खूण.

पण ‘कूळ’ हा शब्द तेव्हापासून मालकाच्या कानाला धोक्याचा झाला. कोणाला जमीन लावायला दिली आणि कागद केला, तर उद्या तो कूळ म्हणून उभा राहील, ही भीती आज तिसऱ्या पिढीतही जिवंत आहे. म्हणून व्यवहार तोंडी. लावणाराही आग्रह धरत नाही, कारण कागद मागितला तर पुढच्या वर्षी जमीन दुसऱ्याकडे जाते. कसणाऱ्याला नाव देणाऱ्या कायद्यानेच नंतरच्या कसणाऱ्याचे नाव लिहिणे अवघड केले. याला कायद्याचा दोष म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. कूळ कायदा ज्यांना नकोच होता त्यांनी हा युक्तिवाद फार वापरला आहे. निती आयोगाने २०१६ मध्ये मांडलेल्या आदर्श भाडेपट्टा कायद्याची दिशाही मालकाला निर्धास्त करण्याची अधिक होती. तरीही प्रश्न उरतोच, की पैसे देताना सरकार ज्या कागदाकडे बोट दाखवते तो कागद या व्यवहारापुढे आंधळा आहे.

तो कागद सातबारा. ग्रामीण जीवनावर लिहिणारा कोणीही त्याच्या उल्लेखाशिवाय पुढे जात नाही, पण तो मजकूर म्हणून वाचण्यासारखा आहे. गाव नमुना सात हा अधिकाराचा भाग, बारा हा पिकाचा. सातमध्ये ‘पोटखराबा’ नावाची जागा आहे, लागवडीला अयोग्य क्षेत्राची. देशावरच्या शेतीत हा शब्द बराचसा चपखल बसतो. सह्याद्रीच्या पायथ्याला मात्र शेतीची रचनाच वेगळी आहे. इथे भाताचे खाचर एकटे कधीच नसते. त्याच्या पाठीशी वरकस जमीन असते. उताराची, मुरमाड, तीन-चार वर्षांतून एकदा नाचणी, वरी काढून पुन्हा गवताला सोडलेली. तिथल्या झाडांच्या फांद्या फाल्गुन-चैत्रात उतरवायच्या, शेण, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर रचून भाजायचे आणि त्या भाजलेल्या जागेवर भाताचे रोप टाकायचे. हा राब. वरकसशिवाय राब नाही, राबाशिवाय या पद्धतीचे भात नाही.

राबाला सरकारी भाषेत शिरायला मोठी लढाई करावी लागली. जंगल खाते फांद्या तोडू देईना म्हणून ठाणे-कुलाब्यात इतकी ओरड झाली, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरने राबाचे वर्णन आधीच करून ठेवले होते. आणि १९४८ च्या कूळ कायद्याने तर ‘शेती’ या शब्दाच्या व्याख्येतच राबाच्या खतासाठी जमीन वापरणे घातले. कायद्याच्या मसुद्यात इतक्या नेमक्या, इतक्या स्थानिक कामाला जागा मिळालेली मी फारशी पाहिलेली नाही. कोणीतरी भातशेती पाहून ते लिहिले होते.

आताच्या योजनांचे मजकूर हेक्टरी बोलतात. २०२३-२४ च्या खरिपासाठी राज्याने धानाला हेक्टरी २०,००० रुपये प्रोत्साहन दिले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. मुरबाडकडच्या वीस गुंठ्यांच्या खाचरवाल्याला त्याचे साधारण ४,००० होतात. त्याच्या पाठीशी दोन एकर वरकस असेल तर ती हिशेबात नाही, कारण तिच्यावर धान नाही. पीक पाहणीच्या भाषेत अशी जमीन एक तर गवत, नाही तर पड. १९४८ मध्ये जी शेती होती ती आता पड झाली, आणि हा बदल कोणी ठरवून केलेला नाही हेच त्यातले वाईट. ज्याने मसुदा लिहिला त्याच्या डोळ्यांपुढे दुसरी शेती होती.

इथे साहित्याकडे थोडे वळतो. आपल्या ग्रामीण साहित्याने मराठी वाचकाच्या मनात जो शेतकरी उभा केला तो प्रामुख्याने कोरडवाहू देशावरचा आहे. ‘बनगरवाडी’चा माणदेश, ‘बारोमास’चा विदर्भ. त्या लेखनाचे मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण उत्तर कोकणातला भातशेतकरी त्याच तोडीने कादंबरीत आलेला मला आठवत नाही. आलाच तर आदिवासी म्हणून, लढ्यातला म्हणून, शेतकरी म्हणून क्वचित. शासनाच्या योजनांचा नकाशाही तसाच आहे. २००६ चे पंतप्रधान पॅकेज विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी होते, जागतिक बँकेच्या मदतीचा कृषी संजीवनी प्रकल्प मराठवाडा-विदर्भाकडे गेला. तिथली गरज खरी होती. पण ‘शेतकरी’ म्हटले की दुष्काळ आणि कापूस डोळ्यांपुढे यावा आणि भातशेतकऱ्याच्या वाट्याला ‘आदिवासी विकास’ नावाचा वेगळा विभाग यावा, ही वाटणी लेखकांनी आणि सचिवालयाने जणू संगनमताने केली आहे. शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. तिथे जाणारा माणूस अर्जात आदिवासी असतो, कृषी कार्यालयात गेला की खातेदार असावा लागतो.

विम्याचा मजकूर या नजरेतून पाहावा. पाण्यात उभ्या राहणाऱ्या भाताला पाणी साचल्याने नुकसान कसले, असा काहीसा विचार करून २०१८ मध्ये पंतप्रधान पीक विम्याच्या स्थानिक आपत्तींतून भात बुडण्याचे संरक्षण काढले गेले. ज्याने ऑक्टोबरमध्ये पसवलेले भात खाचरात आडवे झालेले आणि लोंब्यांना मोड आलेले पाहिले आहेत तो असे लिहिणार नाही. कापून पसरलेल्या पिकाला काढणीनंतरच्या नुकसानीचे कलम तेवढे उरले होते. २०२३ मध्ये राज्याने एका रुपयात विमा आणला; त्यातले गैरप्रकार उघड झाले आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत गेली. शेतकऱ्याला आता खरिपाचा दोन टक्के हप्ता भरावा लागतो, आणि राज्याने भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली, म्हणजे काढणीनंतरचे कलमही गेले. महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन घसरले तर सर्वांना, नाही तर कोणालाच नाही. खोट्या अर्जदारांवरचा राग योग्य होता, पण त्याची शिक्षा ओल्या भाऱ्यांवर पडली.

बायकांविषयी वेगळा लेख लागेल, पण एक नोंद इथे करतो. लावणी हे इथे बाईचे काम. १९९२ मध्ये शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेच्या पाठोपाठ पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावणे सोपे करणारा शासन निर्णय निघाला. ज्या थोड्या बायकांची नावे तशी किंवा वारसाने लागली, त्यांच्या बाबतीत पुढे विचित्र घडले. लाडकी बहीण योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. पण सन्मान निधीचे १,००० घेणाऱ्या बाईला फक्त फरकाचे ५०० दिले जातात. अशा सुमारे ७ लाख ७४ हजार महिला असल्याचे सरकारनेच २०२५ मध्ये सांगितले. शेतकरी म्हणून मिळालेला सन्मान बहीण म्हणून मिळणाऱ्या ओवाळणीतून वजा होतो. दोन वेगळ्या कारणांनी द्यायच्या रकमा एकत्र बांधणाऱ्या त्या तरतुदीने बाईचे शेतकरी असणे हा तिचा तोटा ठरवला.

वनजमिनीवरच्या माणसाला तर किती नावे पडली! डिसेंबर १९७८ च्या शासन निर्णयात तो अतिक्रमणदार होता. १९७२ ते ७८ मधली अतिक्रमणे नियमित करण्याचा तो निर्णय. २००६ च्या वनहक्क कायद्याने प्रस्तावनेतच ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली चार हेक्टरपर्यंतची जमीन, पती-पत्नी दोघांच्या नावे, विकता न येणारी पण वारसाने जाणारी. शब्द बदलला, माणूस आधी ‘दावेदार’ आणि मग ‘वनहक्कधारक’ झाला. पण मंजूर क्षेत्र अनेकदा कसत असलेल्या क्षेत्राहून कमी निघते, ही वाशिंदला बसलेल्यांची मुख्य तक्रार होती. माणूस कसतो आहे तीच जमीन, तितकीच, कागदावर लिहा, एवढेच ते मागत होते.

असा मजकूर लिहिता येतच नाही असे कोणी म्हणेल तर त्याला उदाहरणे आहेत. ओडिशाने २०१८ च्या अखेरीस आणलेल्या ‘कालिया’ योजनेत वाटेकरी आणि भूमिहीन शेतमजूर नाव घेऊन समाविष्ट केले. आंध्र प्रदेशाने २०१९ च्या कायद्याने पीक लावणाऱ्याला मालकी हक्काला धक्का न लावता वेगळे ओळखपत्र दिले. मालकाच्या संमतीवर ते अडते, हा त्यातला कच्चा दुवा. दूर कशाला, आपल्या खावटीकडे पाहा. पावसाळ्यात घरातले धान्य संपते तेव्हा खायला लागते ती खावटी, लोकांच्या तोंडचाच शब्द योजनेने उचलला. २०२० मध्ये कर्जाऐवजी अनुदान दिले गेले तेव्हा कुटुंबाला ४,००० रुपये, अर्धे रोख आणि अर्धे धान्य-किराणा. त्या यादीत भूमिहीन होते, रोजगार हमीचे मजूर होते, कातकऱ्यांसारख्या आदिम जमाती होत्या. जमीन किती, हा प्रश्न त्या मजकुराने मध्यभागी ठेवला नाही, भूक ठेवली. त्याआधीच्या काळात, १९४३ मध्ये मुरबाडच्या सिद्धगडावर मारल्या गेलेल्या भाई कोतवालांनी याच डोंगरपट्टीत शेतकऱ्यांसाठी धान्यपेढ्या चालवल्या होत्या. उधार धान्य पेरणाऱ्याला द्यायचे की सातबारावाल्याला, हा घोळ तिथे पडला नसावा.

शेवटी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या बदलाकडे येतो. पूर्वी तलाठी पीक पाहणीला शिवारात जात असे. जात असे म्हणजे जायला हवे असे. चावडीवर बसून पाहणी करणारे तलाठी कथांतून आपण भरपूर पाहिले आहेत. पण नमुन्याची रचना अशी होती, की तिऱ्हाईत माणूस येऊन पाहणार आणि लिहिणार. बाराच्या नमुन्यात ‘रीत’ असा रकाना होता, जमीन कोणत्या प्रकारे कसली जाते हे सांगणारा. आणि हक्काच्या नोंदीत नसलेला माणूस प्रत्यक्ष ताब्यात आढळला तर त्याची नोंद करायला गाव नमुना सात-ब होता. हा नमुना मालकांना कायम खुपत आला, कारण ती एक ओळ उद्या पुरावा होऊ शकते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. तलाठ्याच्या लहरीतून सुटका झाली आणि त्याबद्दल शेतकऱ्यांनी तिचे स्वागत केले, ते बरोबरच होते. तिचे घोषवाक्य मात्र नीट ऐकावे: माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा. चार लहान तुकड्यांत चार वेळा प्रथमपुरुष. पाहणी तृतीयपुरुषी होती तोवर कसणारा निदान दिसण्याची शक्यता होती. आता खातेदार स्वतःच्या मोबाइलवरून स्वतःविषयी निवेदन करतो आणि त्या निवेदनात दुसरे पात्र येण्याचे कारण उरत नाही. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो आधार आणि सातबारा यांना जोडलेला. धान खरेदीच्या नोंदणीला सातबारा लागतोच. २०२५-२६ चा २,३६९ रुपयांचा आधारभूत भाव अर्ध्या वाट्याने लावणाऱ्याला हवा असेल, तर त्याचे भात मालकाच्या नावाने विकले जाते आणि पैसे मालकाच्या खात्यात पडतात. मालक सज्जन असेल तर वाटा देतो. नसेल तर वाटेकरी व्यापाऱ्याला खळ्यावरच भात घालून मोकळा होतो.

मोबाइलच्या या रचनेत ‘प्रत्यक्ष कसणारा’ असा एक रकाना वाढवायला तांत्रिक अडचण काहीच नाही. मालकी हक्काशी त्याचा संबंध राहणार नाही, केवळ त्या हंगामापुरता मदतीसाठी तो ग्राह्य धरावा, अशी एक ओळ निर्णयात घालता येते. ग्रामसभेची साक्ष वनहक्क कायद्यात चालते, ती इथेही चालावी. १९७१ च्या नियमांतला सात-ब नमुना कोणी रद्द केलेला नाही. एका उन्हाळ्यात शहापूरकडच्या एका गावात तो पाहायला मागितला, तेव्हा कपाटातून जाड रजिस्टर काढून दिले गेले. सुरुवातीच्या पानांवर शाईत काही नावे होती, पुढची पाने कोरी.